कळसूबाईला ३५ मुलं आणि पाच स्वयंसेवक: निघायच्या आधीचं काम

नाशिकच्या एका वसाहतीत राहणाऱ्या २७ वर्षांच्या एका ट्रेकरचा हा प्रश्न आहे. सात वर्षं ते सह्याद्रीत फिरताहेत. वसाहतीतल्या पालकांनी त्यांच्यावर सातवी ते नववीच्या ३५ मुलामुलींचं साहस शिबिर सोपवलंय. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार, बारी गावात मुक्काम, पहिल्या दिवशी कळसूबाई, दुसऱ्या दिवशी रॅपलिंग (दोराच्या आधाराने कड्यावरून उतरणं). ते धरून पाच स्वयंसेवक, 'सगळे अनुभवी ट्रेकर'. सामानाची यादी आणि काय काळजी घ्यायची ते सांगा, असं त्यांनी विचारलंय.

यादी तुम्हाला कुठेही मिळेल, त्यामुळे तिच्यात वेळ घालवत नाही. तुमच्या पत्रात मी अडखळले ती 'सगळे अनुभवी ट्रेकर' या तीन शब्दांपाशी. गेली २६ वर्षं मी मुलांची शिबिरं घेतेय. ट्रेक करता येणं आणि मुलांना डोंगरावर नेता येणं ही दोन निरनिराळी कामं आहेत, हे कळायला मला त्यातली पहिली चार-पाच वर्षं लागली. चांगल्या ट्रेकरची नजर पुढे असते, वाटेवर आणि माथ्यावर. मुलांना नेणाऱ्याची नजर मागे लागते. कोण गप्प झालंय, कोणाची बाटली सकाळपासून तशीच भरलेली आहे, कोण बूट घासत चालतंय, हे त्याला दिसलं पाहिजे. आणि वेळ आली की 'इथून परत' हे शब्द त्याच्या तोंडातून निघाले पाहिजेत. ते निघतील अशी व्यवस्था घरी, महिनाभर आधी करून ठेवावी लागते. माझं बहुतेक उत्तर त्या व्यवस्थेबद्दलच आहे.

आधी माणसांचा हिशेब घालू. ३५ मुलं, पाच मोठे. समजा, कळसूबाईच्या वाटेवरच्या दुसऱ्या लोखंडी शिडीच्या वर एका मुलीचा पाय मुरगळला. तिच्याजवळ दोघांनी थांबायचं (दोघांनी का, ते पुढे येईल). एकाने डोलीसाठी माणसं आणायला गावात पळायचं. उरले दोन, आणि त्यांच्या अंगावर ३४ मुलं, खाली शिडी, शिडीवर शनिवारची गर्दी. आता आणखी एकाला उलटी झाली तर? ही काही भयंकर दुर्घटना नाही, शिबिरातला अगदी साधा दिवस आहे. तेवढ्यानेच तुमची माणसं संपली. म्हणून माझा हिशेब असा: सहा मुलांमागे एक मोठा, आणि लीड (सगळ्यांच्या पुढे चालणारा) व बॅकलीड (सगळ्यांच्या मागे चालणारा) त्याखेरीज. या दोघांकडे स्वतःचा गट द्यायचा नाही. म्हणजे ३५ मुलांना आठ माणसं. गटात मुली आहेत, तर त्या आठांत किमान दोन बायका हव्यातच, तीन असल्या तर बरं. 'वेळेवर कोणीतरी आई येईल सोबत' असं चालत नाही. ती आई रेकीला (आधी जाऊन वाट पाहून येणं) आणि पालकांच्या बैठकीला आलेली असली पाहिजे.

मुलांचे गट कायमचे ठेवा. बसमध्ये, जेवायला, तंबूत आणि वाटेवर तेच सहा जण. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तेव्हा मुलांचे चार गट पाडून प्रत्येकाला त्यांच्यातलाच एक म्होरक्या दिला होता. स्काउटची सगळी बांधणी पुढे त्या पद्धतीवर उभी राहिली. मी स्काउटची नाही, पण ही पद्धत उचलली, कारण सहाच्या गटात एक जण नसला की मुलांना आपल्या आधी कळतं. ३५ च्या रांगेत ते कोणालाच कळत नाही.

हे मी कसं शिकले ते सांगते. रतनवाडीहून रतनगड, जानेवारी महिना, २८ मुलं. त्या जंगलात कात्राबाईकडे जाणारी वाट फुटते, शिवाय गुरांच्या पायाने पडलेल्या ढोरवाटा आहेतच. बॅकलीडला आमचा एक उत्साही कॉलेजचा मुलगा होता. पुढे कोणीतरी शेकरू दिसल्याचं ओरडलं आणि तो दहा पावलं पुढे गेला. शेवटचा मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली बसला होता. उठून पाहतो तर वाट रिकामी. तो ढोरवाटेने सरळ चालत सुटला. पुढच्या मोजणीला आमचा आकडा २७ आला. आम्ही पुन्हा मोजलं, पुन्हा २७. ती चाळीस मिनिटं मी विसरलेले नाही. गावातल्या एका मामांना तो गुरांच्या गोठ्यापाशी सापडला. दगडावर बसून तो पिशवीतली चिक्की खात होता. त्याला आम्ही आधी एवढं शिकवलं होतं, की चुकलास असं वाटलं तर चालायचं नाही, जिथे आहेस तिथे बसायचं आणि शिट्टी वाजवायची. बसायचं त्याच्या लक्षात राहिलं. शिट्टी आम्ही दिलेलीच नव्हती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी असते, आणि बॅकलीड हा गटातला सगळ्यात अनुभवी माणूस असतो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. तरबेज माणूस पुढे आणि नवखा मागे. पुढे वाट माहीत असलेला कोणीही चालतो, गावातला वाटाड्या तर उत्तम. मागे मात्र असा माणूस हवा, जो शेवटच्या मुलाच्या पुढे एक पाऊलही टाकणार नाही, मग पुढे शेकरू दिसो नाहीतर बिबट्या.

मोजणी डोकी मोजून नको, नंबरांनी हवी. प्रत्येक मुलाला नंबर द्या. फाट्यावर, शिडीच्या खाली, शिडीच्या वर आणि दर थांब्यावर मुलांनी आपापला नंबर ओरडायचा. पहिल्या तासात ती हसतात, नंतर त्यांनाच त्याची मजा वाटते.

आता पालकांची बैठक. ही मी शिबिरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानते, चढाईहूनही. त्या बैठकीत उभं राहून स्पष्ट सांगायचं, की तुमचं मूल कळसूबाईच्या माथ्यावर पोचेल अशी हमी आम्ही देत नाही. बारा वाजता जिथे असू तिथून मागे फिरू. हे छापील फॉर्मवर घ्या आणि सही घ्या. याचं कारण साधं आहे. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, असं तुमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात असणार. पालकांनी पैसे भरलेत. मुलांनी वर्गात सांगून ठेवलंय. शेवटची शिडी समोर दिसतेय, मंदिराचा कळस दिसतोय, घड्याळात सव्वाबारा झालेत आणि तीन मुलं दमून बसलीत. अशा वेळी २७ वर्षांच्या माणसाला 'परत' म्हणणं फार जड जातं. मलाही जड जायचं. पण तोच शब्द महिनाभर आधी सगळ्यांसमोर उच्चारलेला आणि कागदावर उतरलेला असला, की तो फक्त घड्याळात बघून उच्चारायचा असतो.

बाराच का, तेही सांगते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहाला बारीतून निघालात, तर मोठी माणसं तीनेक तासांत चढतात. मुलांना चार तास धरा, शिडीवरची गर्दी वेगळी. उतरायला मुलांना जवळपास चढण्याइतकाच वेळ लागतो, कारण गुडघे थकलेले असतात आणि घसरून पडायची वेळ उतरतानाच येते. बाराला फिरलात तर चारपर्यंत खाली, आणि हाताशी दोन तास शिल्लक. हे दोन तास मुरगळलेल्या पायासाठी राखून ठेवलेले आहेत. ते फोटोंवर खर्च करायचे नाहीत.

त्यासाठी रेकी हवी, आणि ती शिबिराच्या आधीच्या पंधरा दिवसांत. 'मी कळसूबाई आठ वेळा केलाय' याला रेकी म्हणत नाहीत. सोबत तेरा-चौदा वर्षांचं एक मूल घेऊन जा, त्याच्या चालीने चढा आणि वहीत वेळा टिपा. शिडीचा कठडा त्याच्या हाताला कुठे येतो ते बघा. दोन पायऱ्यांमधलं अंतर तुमच्या पायाला काहीच वाटत नाही, पण सातवीतल्या बुटक्या मुलीला तिथे गुडघा टेकवावा लागतो. शिडीखाली वीस मुलं कुठे बसतील, वरून दगड सुटला तर कुठे येईल, मोबाइलला रेंज कुठे आहे आणि कुठे नाही, सरबताच्या टपऱ्या कुठवर आहेत, हे सगळं त्या वहीत. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेव्हा वनखात्याशी आधी बोलून घ्या, प्रवेशाची पावती घ्या, मुक्काम आणि शेकोटी कुठे चालेल ते विचारून घ्या. आणि जमलं तर शनिवार-रविवार सोडा. हल्ली सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांवर रांग लागते. अनोळखी घाईच्या माणसांत अडकलेलं मूल मला कड्यापेक्षा जास्त घाबरवतं.

रॅपलिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे चुकीला दुसरी संधी नसते.

तुम्ही स्वतः दोर लावणार असाल आणि तुमच्यापैकी कोणी रीतसर शिकलेलं नसेल, तर रॅपलिंग काढून टाका. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून हे शिकवताहेत. त्यांचा बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. आपल्याकडच्या गिर्यारोहण संस्थांचेही चांगले प्रस्तरारोहण वर्ग असतात. असा माणूस बोलवा. पण बोलावलात म्हणून डोळे मिटू नका. त्याला प्रश्न विचारा, खरा जाणकार कधी रागावत नाही. अँकर (दोर बांधायचे आधार) किती? एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन हवेत. मूल ज्या दोरावर उतरतं त्याशिवाय दुसऱ्या दोराने वरून बिले (हात सुटले तरी मुलाला धरून ठेवणारा आधार) आहे का? असलाच पाहिजे, कारण घाबरलेलं मूल दोन्ही हात सोडतं. हे 'कदाचित' घडणारं नाही, ३५ मुलांत तीन-चार सोडतातच. दोर किती जुना आहे आणि त्याची वापराची नोंद आहे का? हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) मुलांच्या मापाचे आहेत का? सातवीच्या बारीक मुलाच्या कमरेला मोठ्यांचा सीट हार्नेस आवळला तरी उलटा झाल्यावर सरकू शकतो, त्याला छातीचा पट्टाही लागतो. हेल्मेट सगळ्यांना, खाली उभ्या असलेल्यांनासुद्धा. लांब वेणी, ओढणी, गळ्यातला गोफ, जॅकेटची लोंबती दोरी, सगळं आत खोचलेलं. डिसेंडरमध्ये (ज्यातून दोर सरकवत उतरतात त्या साधनात) केस अडकले की मूल मध्येच लटकतं आणि किंचाळतं, मग वरचे मोठेही गोंधळतात. कॅराबिनरचं (दोर आणि हार्नेस जोडणाऱ्या कडीचं) लॉक नुसतं डोळ्यांनी बघायचं नाही, बोट लावून फिरवून बघायचं. एकाने लावलं की दुसऱ्याने तपासायचं, प्रत्येक मुलाला, पस्तिसाव्यालासुद्धा. पस्तिसाव्याला तर जास्तच, कारण तोवर सगळे कंटाळलेले असतात.

आणखी एक हिशेब, जो कोणीच घालत नाही. एका मुलाला बांधणं, समजावणं, उतरवणं आणि दोर पुन्हा वर घेणं याला आठ मिनिटं धरा. ३५ मुलांना २८० मिनिटं, म्हणजे जवळपास पावणेपाच तास, एका दोरावर. दोरावरचं मूल सुरक्षित असतं. धोका कड्याच्या वर उन्हात वाट पाहणाऱ्या तिसांना असतो, ती ढकलाढकली करतात, दगड टाकतात, वाकून बघतात. म्हणून दोन दोर लावा, चाळीस फुटांच्या वर जाऊ नका, आणि कड्यावर एका वेळी चारच मुलं ठेवा. बाकीची लांब, सावलीत, दुसऱ्या माणसाबरोबर, काहीतरी करत बसलेली. आणि क्रम उलटा करा. पहिल्या दुपारी रॅपलिंग, दुसऱ्या पहाटे कळसूबाई. थरथरत्या पायांनी कड्यावरून मागे झुकायला लावू नका.

आता आजारांचा फॉर्म. पालक त्यात 'काही नाही' लिहितात. दमा, फीट, मधमाशीची ॲलर्जी, सुरू असलेली गोळी, सगळं लपवतात, कारण लिहिलं तर नेणार नाहीत अशी भीती असते. म्हणून प्रत्येक पालकाशी फोनवर पाच मिनिटं एकेकट्याने बोला आणि पहिलं वाक्य हे म्हणा: 'सांगितलंत म्हणून आम्ही नाकारणार नाही, तयारी करू.' मग माहिती मिळते. दम्याचा पंप मुलाच्या पाठीवरच्या पिशवीत आणि दुसरा तुमच्याकडे. बसमध्ये राहिलेला पंप काही कामाचा नाही. रात्री अंथरूण ओलं होणारी मुलं आठवीतही असतात. त्यांच्या आईकडून ते कळलं की त्या मुलाला दाराजवळची जागा द्यायची, रात्री अकराला आणि पहाटे चारला हळूच उठवायचं, आणि एक जादा चादर सॅकमध्ये गुपचूप ठेवायची. एकाही मुलाला पत्ता लागता कामा नये. मुलींची पाळी प्रवासात आणि दगदगीत अचानक येते. सॅनिटरी पॅड, कागद आणि वेगळी पिशवी स्वयंसेविकेकडे असू दे, आणि कोणाकडे मागायचं हे मुलींना निघतानाच सांगा.

वर म्हटलं होतं, जखमी मुलीजवळ दोघं थांबतील. नियम हा: कोणताही मोठा कोणत्याही मुलाबरोबर एकटा राहणार नाही. तंबूत नाही, झाडामागे नाही, गाडीत नाही, दवाखान्याच्या वाटेवरही नाही. झोपायची जागा मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, मोठ्यांची दोन्हींच्या बाहेर. शिबिरानंतर मुलांना खासगी संदेश पाठवायचे नाहीत, जे काही असेल ते पालकांच्या गटावर. 'आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो' हे ऐकून मी कधीच थांबले नाही, तुम्हीही थांबू नका. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाचा अपमान होत नाही, आणि चांगल्या माणसालाही तो संशयापासून वाचवतो. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो अशी घटना माहीत झाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक करतो. न कळवणं हाही गुन्हा आहे. ते आपापसात मिटवायचं प्रकरण नव्हे. तुमच्या आठही माणसांना बैठकीत हे मोठ्याने वाचून दाखवा.

डोंगरातल्या धोक्यांपैकी आग्या मोहोळ मी सर्वांत वर ठेवते. सह्याद्रीच्या कातळांना ती लोंबकळलेली असतात. रेकीत कुठे दिसली ते टिपा. शिबिरात अत्तर आणि बॉडी स्प्रे बंद, धूर बंद, आरडाओरडा बंद, दगड भिरकावणं तर मुळीच नाही. माश्या उठल्याच तर मोकळ्या वाटेवर चेहरा झाकून झपाट्याने लांब जायचं. कड्याच्या कडेला असाल तर पळायचं नाही, चादरी अंगावर घेऊन खाली बसायचं. म्हणून प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक पातळ चादर ठेवा. काटा लगेच नखाने खरवडून काढा. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर पुढे काय होतंय ते बघत बसायचं नाही, थेट दवाखाना.

साप डिसेंबरात कमी दिसतात, तरी तयारी हवीच. आपल्याकडचे चार घातक म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यांच्या विषावर एकच औषध आहे, अँटी-स्नेक व्हेनम, आणि ते दवाखान्यातच मिळतं. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. चावलेला अवयव फळीने स्थिर करा, मुलाला चालू देऊ नका, वेळ लिहून ठेवा, उचलून न्या. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात औषध शिल्लक आहे, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. १०८ ची रुग्णवाहिका गावापर्यंत येते, डोंगरावर येत नाही. डोंगरावरून गाव उतरवतं.

पाण्याबद्दल एवढंच सांगते, की मुलांना घेऊन पाण्यात उतरू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून मुरुडला गेलेल्या सहलीतले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता. धरण, डोह, समुद्र, 'फक्त पाय भिजवू', काहीही नाही. बारीजवळ भंडारदरा आहे आणि मुलं हट्ट करणार. तिथे बस थांबवायचीच नाही. पावसाळ्यातले धबधबे तर शिबिराच्या यादीतच घेऊ नका. वर कुठे पाऊस पडला ते खाली उभ्या माणसाला दिसत नाही, आणि काठावरचा कातळ शेवाळलेला असतो.

गावाबद्दल. डोली बांधायला धावतात ते गावातलेच लोक. वाटाड्या घ्या, तुम्हाला वाट माहीत असली तरी. त्याची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. जेवण गावातल्या घरी सांगा. पिठलं, भाकरी, भात, आमटी आणि मिरचीचा ठेचा वेगळा, कारण शहरातली मुलं तो चाखून रडतात आणि पुन्हा मागतात. ताटं मुलांनी घासायची. पोलीस पाटलांना आधी भेटून या, नंबर घ्या, तुमचा द्या. आयोजक म्हणून पैसे घेऊन हे काम पुढे नेणार असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, तेही बघून घ्या.

स्वयंसेवक कसे निवडायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण त्यावरच सगळं उभं आहे. कडे चढणारा तरबेज गडी मी नेहमी घेत नाही. नकार ऐकून न चिडणारा घेते. मी एक करते. इच्छुकांना एका रविवारी सोप्या गडावर नेते आणि कोणाला न सांगता मागून चालते. जो दमलेल्या माणसाची सॅक न विचारता उचलतो, त्याला मी नाही निवडत. 'थांबूया का?' असं जो विचारतो, त्याला निवडते. मुलांना ओझं उचलणारा नको असतो, आपल्याकडे लक्ष देणारा हवा असतो. नव्या स्वयंसेवकाला पहिलं वर्ष फक्त एका गटाबरोबर चालू द्या, निर्णय देऊ नका. तंबाखू, दारू शिबिराच्या दोन दिवसांत अजिबात नाही, मुलं झोपल्यावरही नाही. प्रथमोपचार सगळ्या आठांना यायला हवा, एकाला येऊन भागत नाही, कारण कदाचित तोच पडलेला असेल. आणि रात्री जागण्याच्या पाळ्या लावा. पाच मित्र शेकोटीपाशी दोनपर्यंत गप्पा मारतात आणि पहाटे शिडीखाली उभे असतात तेव्हा डोळे तारवटलेले, हे मी फार पाहिलंय. झोप हा तुमच्या सुरक्षेच्या सामानाचा भाग आहे.

हे सगळं वाचून वाटेल, मग यात साहस ते काय राहिलं? भरपूर राहतं. मुलांचे मोबाइल घरी ठेवायला सांगा. चूल मुलांना पेटवू द्या, तासभर धूर होऊ द्या. रात्री आठच्या सुमारास सगळ्या विजेऱ्या बंद करून त्यांना माळावर आडवं पडायला लावा. डिसेंबरात पूर्वेला मृग वर येत असतो, डोक्याच्या बाजूला कृत्तिकांचा पुंजका, आणि थोड्या वेळाने व्याध. शहरातल्या कित्येक मुलांनी एवढे तारे एकत्र पाहिलेलेच नसतात. ती आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. 'पहिला कोण पोचतो' हे बक्षीस मात्र कधी ठेवू नका. माझ्या शिबिरात शाबासकी सगळ्यात मागच्या गटाला मिळते, एकही माणूस मागे न सोडता आल्याबद्दल.

आणि नको म्हणणाऱ्या मुलाला नको म्हणू द्या. कळसूबाईच्याच एका शिडीवर आठवीतली एक मुलगी अर्ध्यावर थांबली होती. बोटं गजाला अशी आवळलेली, की पेरं पांढरी पडली होती. खालून मित्रमैत्रिणी 'चल, चल, जमेल' म्हणून ओरडत होते. मी त्यांना गप्प केलं, तिच्या खालच्या पायरीवर चढले आणि तिच्या बुटाच्या तळव्याखाली माझा हात टेकवला. म्हटलं, वर जायचं की खाली, तू सांग, मला दोन्ही चालतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, 'खाली.' मी म्हटलं, उजवा पाय. आता डावा. चौदा पायऱ्या उतरायला आम्हाला दहा मिनिटं लागली. खाली आल्यावर तिने पाणी प्यायलं आणि एका स्वयंसेविकेबरोबर आणि आमच्या वाटाड्याबरोबर ती गावात परतली. संध्याकाळी आम्ही उतरलो तेव्हा आमचं जेवण होतं त्या घरच्या मावशींकडून ती भाकरी थापायला शिकत होती. तीन भाकऱ्या तिच्या होत्या, कडा फाटलेल्या, आणि कोणत्या तीन ते ती सगळ्यांना दाखवत होती. तिच्या वडिलांनी बस उतरल्या उतरल्या विचारलं, 'वर गेलीस का?' तिने सांगितलं, 'शिडीपर्यंत. मग मी ठरवलं.' बैठकीत तो कागद वाचून सही केलेली असल्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तुमच्या डिसेंबरकडे येते. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आठ माणसं जमली, रेकी झाली, पालकांनी सह्या केल्या, तर जा. पाचच राहिले तर कळसूबाई पुढच्या वर्षावर टाका आणि वीस मुलांना रामशेज किल्ल्यावर न्या. आशेवाडीतून पायऱ्यांची वाट आहे, तासाभरात मुलं वर पोचतात. गुहेत रामाचं मंदिर आहे, खोदलेली टाकी आहेत. याच लहानशा गडाने १६८२ पासून मुघलांच्या वेढ्याला पाच वर्षं दाद दिली नाही. तटावर बसवून ती गोष्ट सांगा. तुमच्या स्वयंसेवकांना नंबर मोजायची, मागे राहायची आणि घड्याळ बघून फिरायची सवय तिथे लागेल. रेकीची वही आणि पालकांच्या फॉर्मचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून लाल पेनाने खुणा करून परत देईन.